सातच्या आकड्यावरची खाच

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. सागाची, जाडजूड, एका कडेला पितळी पट्टी ठोकलेली. ज्या सुताराने मला घडवले, तो एक डोळा मिटून माझ्या कडेने बघत म्हणाला होता, "एवढी सरळ पोर आजवर माझ्या दुकानातून गेली नाही." त्या कौतुकाची आता मला लाज वाटते.

माझी नेमणूक एका बालगृहात झाली. घर नसलेली बेचाळीस मुले तिथे राहत. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. एक म्हातारे गुरुजी माझ्याकडून वह्यांत समास आखून घेत आणि मुलांची उंची मोजताना मला त्यांच्या डोक्यावर आडवी धरून भिंतीवर खूण करत. माझ्या आकड्यांवर बोट ठेवून कितीतरी मुले मोजायला शिकली. पुढे गुरुजी निवृत्त झाले आणि नव्या अधीक्षिका आल्या. सगळ्या मुलांनी आपल्याला 'आई' म्हणायचे, असा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गातून उचलून आपल्या टेबलावर नेले.

तिथे मी जे केले ते सांगताना मला स्वतःचीच किळस येते. दूध सांडले तर तळहात, उत्तर चुकले तर बोटांची पेरे, आणि अंथरूण ओले झाले तर पोटऱ्या, कारण पोटऱ्या मोज्यांत झाकून जातात. हात माझा नव्हता, हे खरे. पण लागत होती ती मीच. एकदा एका मुलाने पाय मागे घेतला आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर आदळले. सातच्या आकड्यापाशी माझी पितळी कड उचकटली आणि तिथे एक खाच पडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वळात एक तिरका ओरखडा उठू लागला. मारून झाले की अधीक्षिका मला ओल्या फडक्याने पुसून ठेवत. टापटीप फार त्यांची!

मग दूरदेशीच्या एका मोठ्या संस्थेचा कार्यक्रम आला. मुलांवरची हिंसा थांबवायची, असा त्याचा हेतू होता. हेतू चांगला होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. प्रशिक्षणे झाली, शपथपत्रे झाली, आणि शपथपत्रावर पहिली सही अधीक्षिकांची. कुंपणच शेत खात होते आणि राखणीची शपथही कुंपणानेच घेतली. 'येथे कुणीही मुलांवर हात उगारत नाही' असा फलक आला. तो तिरका लागू नये म्हणून भिंतीवर आधी रेघ मारली, तीही माझ्याच कडेने.

दोन वर्षांनी कार्यक्रमाचे मूल्यमापन करायला बाहेरदेशाहून एक परीक्षक आला. त्याला इथली भाषा येत नव्हती, म्हणून सोबत एक दुभाषी बाई होत्या. मुले त्यांना लगेच ताई म्हणू लागली. चांगला शेरा मिळाला तर आमच्या अधीक्षिका बाकीच्या सगळ्या बालगृहांना शिकवायला जाणार होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी मुलांना ओळीत उभे केले आणि हसत हसत म्हणाल्या, "पाहुणे दोन दिवसांचे असतात हं. मी रोजची आहे."

त्या ओळीत सगळ्यात शेवटी मुंगी उभी होती. नऊ वर्षांची, पण अंगाने एवढीशी, म्हणून तिला मुंगी म्हणत. तीन दिवसांपूर्वी तिचे अंथरूण ओले झाले होते.

मुलाखती शांत खोलीत, दार लावून, बालगृहातल्या मोठ्यांच्या नजरेआड घ्यायच्या, असा कार्यक्रमाचा नियम होता. नियम सोन्यासारखा होता. पण अशी खोली बालगृहात एकच होती, अधीक्षिकांची. त्यांनी आनंदाने खोली रिकामी करून दिली. टेबलावरचा सगळा पसारा आवरला. मला मात्र मधोमध, कडेशी अगदी समांतर ठेवले आणि मग त्या बाहेर गेल्या.

परीक्षकाने आल्या आल्या मलाच उचलून कागदावर रकाने आखले. एकेक मूल आत येऊ लागले. ताई हळुवारपणे विचारत, "इथे तुला कुणी मारतं का रे?" मूल आधी माझ्याकडे बघे, मग म्हणे, "नाही." बारा मुले आली, बारा वेळा 'नाही' झाले, रकान्यात बारा फुल्या पडल्या. मुले जरा लाजाळू आहेत, असे त्या शहाण्याने खाली लिहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, तो त्याच्या समोर बसला होता, आणि हा फुल्या मोजत होता! मला तोंड असते तर मी त्याच्या कागदावर थुंकले असते.

तेरावी मुंगी. तिनेही 'नाही' म्हटले. मग त्याने तिला चित्र काढायला कागद दिला आणि सरळ रेघ यावी म्हणून मला प्रेमाने तिच्याकडे सरकवले. मुंगी एवढ्या जोरात मागे सरली की खुर्ची पडली. तो हसला. ताई हसल्या नाहीत. मुंगी कुठे बघते आहे ते त्यांनी पाहिले, मला उचलले आणि त्यांचा अंगठा खाचेपाशी थांबला.

"ही कुणाची गं, बाळा?"

"आईची."

ताईंनी मला मुंगीच्या हातात दिले. "आता ही तुझ्याकडे. तू देईपर्यंत कुणी घेणार नाही."

मेलेली पाल धरावी तसे तिने मला दोन बोटांत धरले. मग वाकून मोजा खाली केला आणि मला पोटरीवर टेकवले. माझी खाच ओरखड्यावर नेमकी आली.

"बघा," ती म्हणाली. "बसते."

परीक्षकाचा चेहरा उतरला. तेवढे श्रेय मी त्याला देते. पण त्याने पुन्हा कागदाकडे पाहिले आणि काहीतरी पुटपुटला. ताईंनी ते आमच्या भाषेत मोठ्याने म्हटले, जणू आपण नीट ऐकले ना याची खात्री करत होत्या. "तेरातलं एकच मूल आहे म्हणे. 'इतर शेरे'मध्ये लिहू या म्हणे."

"इतर?" त्या त्याच्याकडे वळल्या. "ही पोर इतर आहे का?"

त्यांनी त्याच्याच कागदाची कोरी बाजू वर केली. मला त्यावर ठेवून वळाएवढी रेघ ओढली, ओरखड्याची जागा आखली, तारीख घातली. खाली मुंगीने वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. इतक्या वर्षांनी माझ्या कडेने एक खरी रेघ निघाली.

परीक्षक ठरल्या वेळी विमानाला गेला. ताई गेल्या नाहीत. बालकल्याण अधिकाऱ्यांना फोन करून त्या फाटकाशी मुंगीचा हात धरून बसल्या. मला त्यांनी पिशवीत घेतले होते. अधीक्षिका दोनदा येऊन गोड आवाजात म्हणाल्या, "चल बेटा, जेवायला." मुंगी हलली नाही. संध्याकाळी अधिकाऱ्यांची गाडी आली आणि तिला दुसरीकडे घेऊन गेली.

तेव्हापासून मी या बालकल्याण कचेरीच्या कपाटात आहे. माझ्या गळ्यात पुराव्याची चिठ्ठी बांधली आहे. सुनावणीची तारीख तीनदा पुढे गेली. मागच्या वेळी ताई इथे येऊन कारकुनाशी बोलत होत्या, ते मी ऐकले. बालगृहाला उत्तम शेरा मिळाला. अहवाल चकचकीत छापला गेला. बेचाळीसपैकी एक्केचाळीस मुले अजून तिथेच आहेत, आणि अधीक्षिकांच्या टेबलावर नवी पट्टी आली आहे, स्टीलची.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका. मी तसे म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कदाचित अशाच कुठल्या खोलीत मुलांना प्रश्न विचारायला बसाल. तेव्हा कागद काढण्याआधी टेबलावर काय ठेवले आहे ते बघा, आणि मुलाची नजर कुठे जाते ते बघा. मला मात्र पुसू नका, घासू नका, माझी कड ठोकून सरळ करू नका. मुंगीच्या पोटरीवरचा वळ एव्हाना गेला असेल. खाच अजून माझ्याकडे आहे.