गाडीचं तोंड

कुंदनला त्या गाडीचं वेड लागलं होतं. आता वेड लागावं अशीच होती म्हणा ती. लाल, बुटकी, रुंद, थेट परदेशातून जहाजानं आलेली. अमरावतीत कुठं उभी राहिली की पानठेल्यावरची माणसं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचं विसरायची. मालक ईशान, कुंदनचा शाळेपासूनचा दोस्त, वकील वामनरावांचा मुलगा. पण गाडीला एक दुखणं होतं. उन्हाळ्यात नागपूर रोडवर जरा जोरात पळवली की तिवशाच्या अलीकडेच गिअरबॉक्स तापायचा, समोर लाल दिवा लागायचा आणि मग पोरानं हट्ट करून रस्त्यात बसकण मारावी तशी ती बसायची. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगून टाकलं, तुमच्याकडचं ऊनच वाईट आहे. हे काय उत्तर झालं?

कुंदन म्हणाला, गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर बसवू. तेल पाइपातून पुढं न्यायचं, तिथं वाऱ्यावर थंड करायचं आणि परत मागं पाठवायचं. नांदगाव पेठेत एमआयडीसीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. तिथं आजवर ट्रॅक्टर, छोटे हत्ती टेम्पो आणि सूतगिरणीवाल्यांच्या गाड्या यायच्या. वामनरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि एकच विचारलं, की बिघडलं तर जबाबदारी कोणाची? कुंदननं छातीवर हात ठेवून माझी म्हटलं. बोलायला काय जातं!

घरी बापाला हे कळलं तेव्हा रीतसर भांडण झालं. बुधाजी जातिवंत माळी. गांधी चौकाकडं त्यांचं फुलांचं दुकान, तीन पिढ्यांचं, आणि लग्नाची गाडी सजवावी तर बुधाजींनीच. पोरगा ग्रीसमध्ये हात घालतो हे त्यांना कधी पटलं नाही. गॅरेजची पायरी ते एकदाही चढले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, गाडीले कूलर? घरच्या कूलरवानी खस कोठी टाकतं लेका तिच्यात? कुंदनचं टाळकं सरकलं. त्यानं रागात सांगून टाकलं की हे काम फसलं तर गॅरेजला कुलूप घालीन आणि जन्मभर तुमच्या दुकानात हार गुंफत बसीन. बुधाजी म्हणाले, दुकान हाये तुह्यं, कवाबी ये. त्यानंतर बापलेकांत कामाचा विषय निघाला नाही.

काम मात्र त्यानं देवपूजेसारखं केलं. पुढचा बंपर उतरवून डाव्या कोपऱ्यात कूलरची अॅल्युमिनियमची जाळी बसवली, रबराच्या गाद्यांवर, म्हणजे धक्क्यानं तडकायला नको. मागच्या गिअरबॉक्सपासून पुढपर्यंत तारेची वेणी चढवलेले पाइप नेले, सायलेन्सरपासून दूर ठेवून. नवं तेल भरलं, गाडी गरम केली आणि एकेका जोडाला पांढरं फडकं लावून पाहिलं. फडकं कोरडं निघालं. मग ईशानला शेजारी बसवून भर दुपारी गाडी तिवशापर्यंत सोडली, येताना आणखी जोरात. तेलाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही. ईशान मिठी मारून म्हणाला, माझ्या वरातीत गाडी तूच चालवशील. आनंदाच्या भरात कुंदन हो म्हणाला. वरातीचा आणि गिअरबॉक्सचा संबंध त्याच्या डोक्यातच आला नाही. तिथंच घात झाला.

लग्न अकोल्याला, मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. अमरावतीहून निघालेली गाडी मूर्तिजापूर ओलांडून अकोल्यात शिरली तोवर काटा थंड. जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथं, गाडी लावून कुंदन आंघोळीला गेला. नवा कुडता घालून बाहेर आला आणि पाहतो तो काय. गाडीच्या पुढ्यात बुधाजी उभे होते, हातात सुई-दोरा. ईशाननं त्यांना गुपचूप बोलावून घेतलं होतं, कुंदनला खूश करायला. आणि बापानं जीव ओतला होता हो! दिव्यापासून दिव्यापर्यंत झेंडूची दाट चादर, मधे निशिगंधाची वेल, बंपरचं तोंड कुठं आहे ते शोधावं लागावं. हवा आत जायची वाट तीच.

 बाप पोराच्या तोंडाकडं पाहत राहिला, कसं झालं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुंदनच्या कामावर आपलं काम ठेवलं होतं. आता फुलं काढा म्हणायचं कसं? तेवढ्यात बँड वाजला, वामनरावांनी घाई केली, ईशान शेरवानी सावरत शेजारी येऊन बसला आणि कुंदननं गाडी सुरू केली. अरे बोल ना लेका! पण नाही बोलला.

वरात म्हणजे काय, सांगायला नको. पुढं डीजे, त्याच्यापुढं नाचणारे मामा, मामांना आवरणाऱ्या माम्या. वीत-वीत सरकायचं आणि थांबायचं. या असल्या गाड्यांना पळायला सांगा, रांगायला सांगू नका. रांगताना आतले क्लच घसरत राहतात आणि तेल तापतं. पहिला चौक येईपर्यंत काटा अर्ध्यावर आला. कुंदननं थांबलं की न्यूट्रल केलं, पुढं जागा होऊ दिली, मग सरकवली. काटा चढतच राहिला. ऊन उतरत होतं, पण डांबर खालून भाजून काढत होतं. एसी चालू असून त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

लाल पट्ट्याला बोटभर उरलं तेव्हा तो खाली उतरला आणि दोन्ही हातांनी बापाची फुलं ओरबाडायला लागला.

डीजे चालूच होता, पण नाचणारे थांबले. नवऱ्याच्या गाडीची फुलं, मुहूर्ताच्या आधी! एक म्हातारी अपशकुन अपशकुन करत देवाचं नाव घ्यायला लागली. मुठी भरभरून झेंडू रस्त्यावर पडत होता, दोरा बोटांत रुतत होता आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या बुधाजींकडं बघायची कुंदनची हिंमत नव्हती. चादर निघाली. जाळी मोकळी झाली. तो परत आत बसला, गाडी जराशी सरकवली, काट्याकडं पाहिलं.

काटा चढला होता.

आता कुठं त्याला कळलं, आणि कळलं तेव्हा रडूच फुटायचं बाकी राहिलं. फुलं नसती तरी हेच झालं असतं. वारा गाडी पळाली तर लागणार, चालत्या माणसाच्या चालीनं कुठला वारा! जाळीमागं विजेचा पंखा पाहिजे होता. त्यानं पळवून पाहिली, रांगवून पाहिलीच नव्हती. चूक त्याची, शंभर टक्के त्याची.

मांडव समोर दिसत होता, कमानीचे दिवे लागले होते. दामटली तर कदाचित पोचेल, कोणाला काही कळणार नाही, नाव राहील. नाहीतर आतले क्लच जळतील आणि दोस्ताची गाडी लग्नाच्या दिवशीच कायमची उभी राहील. कुंदननं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. देवा, असं नको रे करू, एवढंच तो पुटपुटत राहिला. मग त्यानं न्यूट्रल केलं आणि इंजिन बंद केलं.

"ईशान, तू इकडं सरक, स्टिअरिंग धर," तो म्हणाला. "ढकलावी लागते. माझं काम चुकलं."

ईशाननं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, आणि फेटा सांभाळत ड्रायव्हरच्या जागेवर सरकला. बाहेर वामनराव आले. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती, ते आणखी वाईट.

"जबाबदारी तुझी म्हणाला होतास ना?"

"हो काका. माझीच आहे."

कुंदन मागं गेला आणि त्यानं गाडीला खांदा लावला. गाडी भारी, हलेना. पाहुण्यांचे मोबाइल वर झाले. कोणीतरी हसत अमरावतीच्या मेकॅनिकचं नाव विचारलं आणि कोणीतरी ते सांगितलंही. रात्रीपर्यंत हा व्हिडिओ अमरावतीभर फिरणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आता कोण आपली गाडी त्याच्या हाती देणार होतं?

शेजारी आणखी एक खांदा लागला. बुधाजी. उपरणं कमरेला बांधलेलं, हाताला अजून झेंडूचा वास.

"तिचं तोंड म्याच बांधलं न?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही बा. तुमी नसतं बांधलं तरी तापली असती. पंखा पायजे होता मागं, म्या नाही लावला."

बुधाजींनी हूं केलं आणि पाय रोवले. गाडी हलली. मग ईशानचे दोन मामेभाऊ आले, मग ते हसणारेही आले. डीजेवाल्याला वाटलं ही काही नवी गंमत आहे, त्यानं गाणं आणखी मोठं केलं. अशा थाटात नवरदेव मांडवाला लागला. मुहूर्त गाठला.

अक्षता पडत होत्या तेव्हा कुंदन मांडवामागं गाडीजवळ उकिडवा बसला होता. त्यानं किल्ली फिरवली. काटा खाली आलेला. गिअर टाकून बोटभर पुढं, बोटभर मागं घेतली. झटका नाही, आवाज नाही. गाडी धडधाकट होती, आणि हे साऱ्या अकोल्यात एकट्या त्याला माहीत होतं. तो बाहेर येऊन मडगार्डला टेकून बसला आणि हमसून हमसून रडला.

बुधाजी पाण्याचा गिलास घेऊन आले.

"वाचली का गाडी?"

त्यानं मान डोलावली.

"मंग रडून काहून राहिला?"

"नाव गेलं बा माझं. आता कोण येते माह्याकडं? उद्यापासून दुकानात येतो, हार गुंफाले."

 बुधाजी गाडीच्या मोकळ्या तोंडापाशी खाली बसले, जाळीत अडकलेली झेंडूची एक पाकळी त्यांनी नखानं अलगद काढली आणि आतले पाइप कुठं जातात ते वाकून पाहिलं. गिलास पोराच्या हातात दिला.

"दुकानात कायले?" ते म्हणाले. "हिले पंखा कोन बसवीन?"