मी डुक्कर नाही!

मी एक जुनाजाणता बोआ, म्हणजे अजगरासारखा बिनविषारी साप आहे, असं म्हणायला मला फार आवडलं असतं, मित्रांनो. आमच्या जातीचे साप नीट सांभाळले तर वीस-पंचवीस वर्षं आरामात जगतात. मी अजून दोन वर्षांचाही नाही, आणि आत्ताच म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो. कुणामुळे, ते सांगतो. साप डूख धरतात असं तुम्ही ऐकलं असेल. ती निव्वळ थाप आहे, आमच्या एवढ्याशा डोक्यात तेवढी जागाच नसते. पण माझ्या डोक्यात एका माणसापुरती जागा झाली आहे खरी.

माझा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका गावात, साप पाळणाऱ्या ओपल बाईंच्या तळघरात झाला. आम्ही अंड्यातून येत नाही, आईच्या पोटातून थेट बाहेर पडतो. त्या एवढ्या भावंडांतून लोरीन नावाच्या मुलीने मला निवडलं. मी गुंडाळी करून बसलो की कोटाच्या बटनासारखा दिसतो, म्हणून तिने माझं नाव बटन ठेवलं. नाव काही भारदस्त नाही, पण पोरगी भली होती. मी चालवून घेतलं.

"नीट ऐक," ओपल बाईंनी तिला बजावलं. "दहा-बारा दिवसांतून एकदा, एकच उंदीर. याचं अंग जिथे सगळ्यात जाड आहे ना, तेवढा जाड. त्याहून मोठा नाही. जेवला की दोन दिवस हात लावायचा नाही. आणि पेटीची एक बाजू ऊबदार ठेव, नाहीतर पोटातलं पचत नाही."

"पण त्याला मध्येच भूक लागली तर?"

"तो कायम भुकेलाच दिसणार. तू फसू नकोस."

लोरीन कधीच फसली नाही. पण त्या घरात तिचे आजोबा होते.

व्हर्लिन आजोबांनी आयुष्यभर डुकरं पाळली. दर ऑगस्टला जिल्ह्याच्या जत्रेत त्यांचं डुक्कर सगळ्यात वजनदार ठरायचं आणि त्यांना पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळायची. त्या फितींनी स्वयंपाकघराची एक भिंत भरली आहे. मग त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डुकरं विकावी लागली, आणि त्यांचे हात रिकामे झाले. माझी पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती. तिच्याशेजारी त्यांनी आपली खुर्ची ओढून घेतली, आणि माझी साडेसाती सुरू झाली!

सापाला कान नसतात असं म्हणतात. नसेनात का, मी फळीला जबडा टेकवला की मला घरातलं सगळं कळतं. मित्रांनो, त्या घरात 'पुरे' हा शब्दच कुणी उच्चारत नाही. जेवायला बसलं की आजोबांचं चालू, "एवढंच? अगं, हा बटाटा घे. अजून एक चॉप घे. मक्याला लोणी तर लाव." लोरीनला निदान पळून तरी जाता यायचं. मी काचेच्या पेटीतून कुठे जाणार?

ती शाळेत गेली की आजोबा गॅरेजमधल्या फ्रीजरच्या तळाशी लपवलेली आपली गोठवलेल्या उंदरांची पिशवी काढायचे. कोमट पाण्यात उंदीर सोडायचे, आणि चिमट्यात धरून माझ्यापुढे नाचवायचे.

"खा रे गड्या. काय ही दशा करून टाकली आहे पोरीने! वाळून नुसती काटकी झालास."

काटकी? मी साप आहे हो! आमच्यात बारीक असण्याला सौष्ठव म्हणतात!

तुम्ही म्हणाल, मग तोंड उघडलंस कशाला? तेच तर! ऊबदार उंदराचा वास आला की आमचा जबडा आमचं ऐकत नाही. रानात एक शिकार झाली की पुढची कधी, याचा काही भरवसा नसतो. म्हणून समोर येईल ते आम्ही गिळतो. आजोबांना वाटायचं, खातोय म्हणजे भूक आहे. डुकराचं तसं असेल. मी डुक्कर नाही!

मी भराभर वाढलो. वर्षाचा व्हायच्या आत लोरीनच्या उंचीएवढा लांब झालो. अंग फुगलं, डोकं मात्र वयाप्रमाणेच राहिलं. शेपटीकडे लहान बाळाच्या मनगटाला असतात तशा वळ्या पडल्या. पेटीत एक आडवी फांदी आहे, तिच्यावर लोंबकळायला मला फार आवडायचं. एके दिवशी मी अर्ध्यावर चढलो आणि धपकन खाली पडलो. पुन्हा चढता आलंच नाही. माणसं मात्र खूश!

"बापरे! याला घालता तरी काय?" शेजारी विचारायचे.

"दहा दिवसांनी एक उंदीर, बस," लोरीन अभिमानाने सांगायची. आजोबा तेव्हा खिडकीबाहेर बघत बसायचे. मला इतका संताप यायचा की मी काचेवर डोकं आपटायचो. त्यावर आजोबा म्हणायचे, "बघा, भूक लागली त्याला."

ऑगस्ट आला. जत्रेत पाळीव सापांच्या स्पर्धेचंही एक टेबल असतं, तिथे लोरीन मला नेणार होती. प्रवासात त्रास नको म्हणून तिने मला आधी काही दिलं नव्हतं. आदल्या दिवशी ती अंगणात खोकं सजवत असताना आजोबा पिशवी घेऊन आले. उंदीर कसला, घूस म्हणा! "उद्या वजन दिसलं पाहिजे, गड्या," ते म्हणाले. गिळताना माझा जबडा निखळायचाच बाकी होता.

जत्रेचा तो हॉल एसीने गारठलेला. शिवाय येणारा-जाणारा मला उचलून बघतोय. परीक्षक होत्या ओपल बाई. त्यांनी मला हातात घेतलं, वळ्या चाचपल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लोरीन, किती खायला घालतेस याला?"

"तुम्ही सांगितलं होतं तेवढंच."

"खोटं बोलू नकोस. असं खाऊन हा दहा वर्षंसुद्धा जगणार नाही. जनावर मारायचं असेल तर पाळता कशाला?"

एवढ्या लोकांत खोटारडी ठरली पोर! आजोबा दोन पावलांवर टोपी हातात फिरवत नुसते उभे. त्या क्षणी मी मुद्दाम ओकलो असं सांगायला मला आवडेल. खरं म्हणजे पोटात गारठा शिरला होता. कसं का असेना, मी ती अख्खी घूस परीक्षकांच्या टेबलावर परत केली.

लोक ओरडत मागे सरले. लोरीन मात्र पुढे आली आणि वाकून बघत राहिली.

"हा मी दिलेला नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात एवढा उंदीरच नाही." मग तिने हळूच मान वळवली.

"अगं, बिचाऱ्याचं पोट खपाटीला गेलं होतं," आजोबा पुटपुटले. "म्हटलं, अधूनमधून…"

"आजोबा, तो डुक्कर नाहीये!"

दीड वर्ष जे मला ओरडायचं होतं, ते ती ओरडली.

"व्हर्लिन," ओपल बाई म्हणाल्या, "डुक्कर तू सहा महिन्यांत कापायला पाठवायचास. म्हणून त्याला घाईने वाढवायचं असतं. याला कुठे पाठवायचंय तुला?"

आजोबांनी टोपी डोक्यावर घातली, आणि पुन्हा काढली.

आणि तरी, मित्रांनो, घरी आल्यावर काय केलं असेल या माणसाने? पुन्हा चिमटा घेतला! "सगळं ओकून गेलं, थोडं तरी पोटात जाऊ दे त्याच्या." लोरीन पेटीपुढे हात पसरून उभी राहिली. "ओकल्यावर दोन आठवडे काहीही नाही. तुम्हाला काही करायचंच असेल तर त्याचं पाणी बदला." आजोबांनी चिमटा खाली ठेवला. त्या दिवसापासून ते रोज पाणी बदलतात, गरज नसली तरी.

माझा राग गेलेला नाही. फांदीवर मला अजून चढता येत नाही, आणि गेलेली वर्षं कुणी परत देणार नाही. म्हणून सांगतो. आमच्यासारखं मुकं जनावर घरी आणाल, तर त्याला काय हवं ते आधी शिका. आम्हाला 'नको' म्हणता येत नाही. स्वतःचं मन भरावं म्हणून आमचं पोट भरू नका!

दोन आठवड्यांनी लोरीनने मला एक लहानसा उंदीर दिला. मी तो गिळला, आणि मेल्या सवयीने पुन्हा मान वर केली. आजोबा मागे उभे होते, दोन्ही हात खिशात घट्ट कोंबून.

"अजून मागतोय, आजोबा," ती म्हणाली. "देऊ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

"नको," ते म्हणाले. "पुरे."

मी तोंड मिटलं.