आज दार फळलंय

बेल दाबू नका, बिघडलीय. बोलतोय तो मी, दरवाजा. मुलुंडला दुसऱ्या माळ्यावर पेणकरांचं घर आहे ना, तिथला. सागवानी आहे हो, हल्लीचा प्लायवूडचा नाही. पण आता तो तोरा मिरवायला तोंड उरलेलं नाही.

घर बेने इस्रायली ज्यूंचं. माझ्या चौकटीला मेझुझा ठोकलाय, देवाची वचनं आत ठेवलेली छोटी नळी. लहानगा एझ्रा शाळेतून आला की उडी मारून तिला हात लावायचा, बोटांचा मुका घ्यायचा आणि खाली येताना हमखास मला एक लाथ. नव्याच्या सणाला, म्हणजे यांच्या नववर्षाला, आत गव्हाच्या चिकाचा हलवा शिजायचा. त्याची आई मिल्का ढवळून ढवळून दमायची आणि हा वासावर टपून माझ्या कडीला लोंबकळायचा.

पण माझा खास सण एकच, योम किप्पुर. हे लोक त्याला दारफळणी म्हणतात; दार फळणं म्हणजे बंद करणं. त्या दिवशी मला लावून घ्यायचं म्हणजे घ्यायचंच. सगळ्यांचे पांढरे कपडे, कडक उपास, पाण्याचा घोटही नाही. त्याआधी सगळे एकमेकांची माफी मागायचे. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की मी उघडणार, मगच तोंडात घास. समोरच्या रुक्मिणीकाकू पोरांना दटावायच्या, "ए, धिंगाणा नको! आज दार फळलंय त्यांचं."

फळलंय ऐकून पाच वर्षांच्या एझ्राला वाटलं, मला पेरू लागणार. दिवसभर बिचारा मान वर करून बसला. मिल्का हसून हसून बेजार, तेही उपासात! बंद असलो तरी तेव्हा मी घरात लाडका होतो.

आता एझ्राने चाळिशी ओलांडलीय. वडील गेले. मिल्काचं विसरणं वाढत चाललंय. गेल्या महिन्यात दूध आणते म्हणून निघाली ती थेट चेकनाक्यावर सापडली, अनवाणी. रुक्मिणीकाकूंनी हाताला धरून आणली. सांभाळायला बायका ठेवल्या, एकही टिकली नाही. मग एके सकाळी एझ्राने डबा टेबलावर ठेवला, मला बाहेरून कुलूप घातलं आणि ऑफिसला गेला. मला कसंनुसं झालं. मी घर राखायला होतो, माणूस कोंडायला नाही.

संध्याकाळी डबा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशीही तेच. रात्री मात्र हपापल्यासारखी जेवायची. तिसऱ्या दिवशी एझ्रा भडकलाच.

"आई, काय चाललंय तुझं? जीव घेणारेस का माझा? पाणीसुद्धा प्यायली नाहीस!"

मला कारण ठाऊक होतं. कुलपाचा आवाज झाला की ती काय करते ते मी रोज बघत होतो. पण दरवाजाला कोण विचारतो?

मिल्का पांढरी साडी नेसून बसली होती. म्हणाली, "ओरडतोस काय रे? दार फळलंय ना आज? उपास आहे माझा." मग तिने त्याचा हात धरला. "मी काही लागेल असं बोलले असेन तर माफ कर हं मला."

माफी कोणी कोणाची मागायची! पोरगा ढसाढसा रडला हो. "उघडलं गं दार, आई. सण संपला," म्हणत त्याने तिला वरणभात भरवला. मी सताड उघडा होतो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

सकाळी पुन्हा ऑफिस. रजा संपलेल्या, साहेबाचे फोनवर फोन. कुलूप हातात घेऊन तो बराच वेळ घुटमळला. शेवटी घातलंच. मग माझ्या फटीला तोंड लावून ओरडला, "आई, आज सण नाहीये गं! जेवून घे!"

आतून मिल्का म्हणाली, "मग दार का लावलंस रे?"

एझ्राचा पाय जिन्याकडे वळेना. किल्ली मुठीत तशीच. आता दोघंही मला टेकून उभी आहेत, ती आतून, तो बाहेरून. अहो, कुणीतरी उघडा ना मला.