मालिकेपुरतं बोलणं

माझी धाकटी जाऊ रूपा माझ्याशी बोलते, पण फक्त मालिकेपुरतं. हसू नका. म्हसावदला आमची दोन घरं, मध्ये परसात छातीएवढी भिंत. अलीकडे मी एकटी, पलीकडे रूपा आणि माझा दीर हिलाल. सामाईक विहिरीवरच्या मोटारीवरून दोघा भावांचं वाजलं. माझा नवरा तर ते भांडण घेऊनच वर गेला. हिलालनं मग रूपाला पोराची शपथ घातली, की त्या घराशी घरचं काही बोलायचं नाही आणि त्या घरचं काही खायचं नाही. पोरगा म्हणजे हेमकांत. माझ्या मांडीवर वाढलाय तो, आता नाशिकला नोकरीला आहे.

पण रूपा डोक्यानं तेज. तिनं शपथ मोडली नाही, तिला बगल दिली. एका सकाळी दोघी आपापल्या दगडावर कपडे धूत होतो, तर पलीकडून आवाज आला.

"जिजी, काल 'काचेचा उंबरा' देखं का?"

मी चाटच पडले. हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"टीव्हीवालास्नं बोलणं म्हणजे घरनं बोलणं नही," ती म्हणाली.

खरंच होतं की! टीव्हीतली माणसं ना तिच्या घरची, ना माझ्या. यात देवालासुद्धा खोट काढता आली नसती. तेव्हापासून रोज सकाळी कपडे धुताना आमचं चालायचं. ती मालिकेतल्या सुनेच्या बाजूनं, मी सासूच्या. "ती सासू म्हणजे निस्ती आग शे," रूपा म्हणायची, आणि मी म्हणायची, "मंग? सूनबी काय गाय नही शे!" हिलाल शेतावर गेलेला असायचा, आणि असता तरी काय म्हणणार होता? मालिकेला कुणी शपथ घातली नव्हती. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारे शब्द म्हणजे तेवढेच. सुरतहून माझा भाग्येश फोन करतो, पण त्याचं आपलं "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढंच. पोलीस तरी बरे, जरा वेगवेगळं विचारतात.

श्रावण लागायच्या सुमाराला मालिकेचे जुनेच भाग दिसायला लागले. भाग्येशला विचारलं तर म्हणाला, "आई, लेखक संपावर गेलेत."

एसटीचा संप पाहिला, मास्तरांचा पाहिला. लेखकांचा संप हे नवीनच. म्हणजे ती माणसं मनानं बोलत नाहीत? ती सासू एवढी तडतडते, तेही कुणी कागदावर लिहून देतं? मला रागच आला. आणि मग ध्यानात आलं, नवा भाग नाही तर उद्या भिंतीपाशी बोलायचं काय?

अवॉर्डच्या कार्यक्रमानं वाचवलं. वाहिनीचा वर्षाचा सोहळा जवळ आला होता आणि त्याच्या जाहिराती चालू होत्या. आम्ही दोघींनी तो विषय ऊस चघळावा तसा चघळला. उत्तम सासू कोण, उत्तम सून कोण, कोण कोणत्या साडीत येईल.

"बक्षीस कोन्ले भेटी, जिजी?"

"सासूले. दुसरं कोन शे तठे?"

"तुम्हले सासूनाच पुळका!"

"मी मोठी जाऊ शे ना. मोठास्ना पुळका मोठास्लेच येस."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या बोलण्यावर हसलं. त्या दिवशी मी एकच चादर दोनदा धुतली. काय करणार, कपडे संपले होते.

मग सोहळाही रद्द झाला. रूपानं मोबाइलवर वाचलं. सूत्रसंचालकांनाही म्हणे लेखकच लिहून देतात.

"लिखी देनारा नही, तं त्या एकमेकास्ना तोंड देखत उभा ऱ्हातीन," ती म्हणाली.

"आपलासारखं," मी म्हणाले.

या वेळी कुणीच हसलं नाही. तिनं बादली उचलली आणि ती आत गेली.

त्यानंतर नुसता धोपाटण्याचा आवाज. तिकडून धप्, इकडून धप्. एकदा राहवलं नाही, विचारून बसले, "रूपा, तुन्ही कंबर कशी शे?" तिकडचा आवाज थांबला. मग धोपाटणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात. घरचं बोलणं होतं ना ते.

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट आले तेव्हा मला अवदसा आठवली. रोटाची आमची रीत अशी: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळून त्याचे जाड पोळ्यांसारखे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. बाईच्या नावाचं मापच नाही, जन्मभर रांधा मात्र तिनंच. मी भाग्येशच्या नावानं सव्वा मूठ घेतली. सूप रिकामं रिकामं दिसत होतं. हात पुन्हा पोत्यात गेला आणि तोंडातून नाव निघालं, हेमकांत. वाटलं, पोराच्या नावाचा रोट कोणती आई परत करेल?

सकाळी ताटलीत झाकून तो भिंतीवर ठेवला. "रूपा, हेमकांतना नावना शे."

तिनं झाकण काढलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पोराच्या नावाचा रोट नाकारावा तर अपशकुन, आणि खावा तर पोराचीच शपथ मोडते.

"जिजी," ती रडत म्हणाली, "हाई काय करं तुम्ही? मी आते काय करू?"

माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, हाताला तरी कुठे होतं? मीच ताटली मागे ओढली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मीच खाई लेसू. मी बी त्यानी मोठी मायच शे." पण ती केव्हाच आत गेली होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं कपडे पुढच्या अंगणात धुवायला घेतले.

रोट मी एकटीनं खाल्ले. दुधात कुस्करून, चहात बुडवून, शेवटी नुसते कोरडे. बाहेरच्याला देता येत नाहीत आणि आतलं कुणी उरलं नव्हतं. खाताना हिलालला शिव्या दिल्या, मेलेल्या नवऱ्यालाही दिल्या. सगळ्यात जास्त स्वतःला दिल्या. मालिकेपुरतं का होईना, माणूस होतं माझं. तेही मी हावरटासारखं घालवलं.

मग संप मिटला. नवा भाग लागला. सासूनं घर सोडून जाताना सुनेला दागिना दिला, दोघी गळ्यात पडल्या. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

सकाळी भिंतीपाशी गेले. पलीकडचा दगड कोरडा होता. मागचं दार मात्र उघडं होतं आणि आत भांडी वाजत होती. मी लुगडं दगडावर आपटलं आणि मोठ्यानं, भिंतीलाच सांगावं तसं बोलायला लागले.

"काल सासूनी कमालच करी! स्वतःनी अंगठी काढी अन् सूनना हातमा घाली."

भांडी वाजायची थांबली.

"अंगठी, हां! हिरानी अंगठी!"

मी लुगडं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. हात गार पडले.

"अंगठी नही," आतून आवाज आला. "पाटल्या व्हत्यात."

पाटल्याच होत्या. मी काय आंधळी आहे? नीट पाहिल्या होत्या मी, दोन पाटल्या.

"हो वं माय," मी म्हणाले, "पाटल्याच व्हत्यात." तिची कंबर कशी आहे ते विचारायचं होतं, हेमकांत कसा आहे ते विचारायचं होतं. मी विचारलं, "अन् मंग सून काय बोलनी?"