तीन म्हटलं की सोडायचं

डब्याचा आवाज बदलला तो सोमवारी. मला लगेच कळलं, आणि मी गप्प बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी साधी समजू नये.

आमचा शिवणाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्या, सहा मशिनं, कापायचं एक लांब टेबल आणि कोपऱ्यात तो डबा. डबा म्हणजे कॉम्प्युटर. त्याच्यापुढे माझी धाकटी जाऊ बसते. ती आमच्याकडे आली तेव्हा बॉबिन उलटी बसवायची. सरळ शिलाई, दुमड, काज, सगळं मी शिकवलं, हातावर फूटपट्टी मारून. आता ती डब्यावर कपड्यांचे साचे काढते. माझे खाकी कागदाचे तीस वर्षांचे साचे सुतळी बांधून वरच्या फळीवर गेले, आणि गिऱ्हाईक दारात येऊन मलाच विचारतं, "धाकट्या बाई आहेत का?" मी काय दारावरची घंटा आहे?

माझी शाळा तिसरीत सुटली, पण कान शाबूत आहेत. लाकडी पट्टीचं एक टोक मशीनवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. तेल कमी पडलंय, पट्टा सैल झालाय की सुई वाकलीय, मशीन स्वतः सांगतं. गल्लीतले लोक पाण्याचा पंप बिघडला तरी मला बोलवायचे. बोलवायचे म्हणते. अलीकडे कुणी बोलवत नाही.

दोन वर्षांपूर्वी डबा आला तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती जमलं. धाकटीचे डोळे चमकत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. म्हटलं, थांबा. मी जांभळ्या कापडाचं कव्हर शिवलं. आत अस्तर, कडेला पायपिंग, खाली झालर. तारांसाठी आणि बटणासाठी तेवढी भोकं, बाकी टाचणी शिरायला जागा नाही, असं अंगासरसं. पुढचे दोन दिवस डब्याचं कौतुक कमी आणि कव्हरचं जास्त झालं. धाकटीला मी बजावलं, "हे काढायचं नाही. धूळ बसते." ती म्हणाली, "नाही काढणार, वहिनी."

तर सोमवारी डब्याचा घसा खवखवला. मंगळवारी तो कुरकुरायला लागला. बुधवारी दाढ दुखल्यासारखा कण्हत होता, आणि धाकटी इस्पितळाच्या एकशेवीस झग्यांचे साचे काढत बसली होती. चार मापं होती. दोन छापून कापायच्या टेबलावर आली होती, दोन डब्यात होती. पुढच्या शुक्रवारी इस्पितळाची गाडी येणार. डबा मेला तर साचे गेले, आणि साचे गेले तर सगळी माझ्या दारात येणार, "वहिनी, तुमचे जुने साचे काढा हो." मी हे इतक्या वेळा मनात ऐकलं की बुधवारी संध्याकाळी स्टुलावर चढून फळीवरच्या सुतळीच्या गुंडाळीवरची धूळही पुसून ठेवली.

गुरुवारी सकाळी चहानंतर डब्यानं दळण दळल्यासारखा आवाज केला आणि पटकन बंद पडला. धाकटी हात मांडीवर ठेवून तशीच बसली. भावोजी, म्हणजे माझे दीर, धाकटीचे यजमान, धावत आले. दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर तो परगावी, शनिवारी येणार. तिथूनच म्हणाला, "मी सांगतो तसं करा. फोन स्पीकरवर ठेवा."

"कव्हर काढू का?" धाकटीनं विचारलं. फोनला नाही, मला.

"काढ की," मी म्हटलं. "मी काय नाही म्हटलंय?"

कव्हर आणि डब्याच्या बाजूचा पत्रा काढला तर आत धुळीची गादी. माझ्याच्यानं बघवेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "आत तीन पंखे असतील. मागे एक, वीज येते त्या पेटीत एक, आणि मधोमध एक. मधला महत्त्वाचा. त्याच्याखाली डब्याचं डोकं आहे, प्रोसेसर. ते तापलं म्हणूनच डबा बंद पडला. आता कुठला पंखा ओरडतो ते ओळखायचं. विजेच्या पेटीत काही घालायचं नाही. बाकीचे दोन एकेक करून थांबवून बघा. पात्याला हात नको, मधल्या गोल बुंध्यावर रबर टेकवा. आवाज थांबला की तोच चोर. पण मधला तीन सेकंदांच्या वर थांबवू नका. पडद्यावर तापमान दिसेल, नव्वदच्या आत ठेवा. वर गेलं तर डोकं जळायची भीती."

"हे काम कोण करणार?" भावोजींनी विचारलं.

"वहिनी," धाकटी म्हणाली. "आवाजातलं आपल्याला काय कळतंय?"

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला त्या कोपऱ्यात बोलावलं, तेही तिनंच. मला आनंद व्हायला हवा होता. उलट वाटलं, बघा, माझंच कौशल्य ही मलाच दान करायला निघाली.

दुरुस्तीवाला म्हणाला, "गळ्यात, हातात लोंबतं काही असेल तर काढा, पात्यात अडकेल." माझ्या गळ्यात मापाची टेप असते. झोपेची वेळ सोडली तर ती उतरत नाही. मी ती काढली आणि ठेवायला जागा दिसेना, तर धाकटीनं हात पुढे केला. माझी टेप तिच्या हातात. तिनं ती गळ्यात घातली नाही, नीट गुंडाळून मुठीत धरली. घातली असती तर बरं झालं असतं, मला बोलता आलं असतं.

डबा चालू केला. पडद्यावर छप्पन्न आकडा. आधी मी पट्टी पत्र्याला लावून ऐकलं. विजेची पेटी गुणगुणत होती, तिला काही रोग नव्हता. मग मागचा पंखा. पेन्सिलीच्या रबराचं टोक बुंध्यावर टेकवलं, थांबला. कण्हणं चालूच.

"हा नाही," मी म्हटलं. "आता मधला."

"मी मोजते," धाकटी म्हणाली. "तीन म्हटलं की सोडायचं."

मी रबर टेकवलं. पंखा थांबला आणि खोलीत एकदम शांतता झाली. चोर सापडला होता. एवढंच काम होतं.

"एक," धाकटी म्हणाली. "दोन. तीन."

मी सोडलं नाही.

पडद्यावर बासष्ट झालं. पासष्ट. धुळीनं गच्च भरलेला डबा तो, ऊन लागल्यासारखा चढत होता. मी पेन्सिलीकडे बघत होते, पण मला दिसत होती ती फळीवरची सुतळी. बहात्तर. एवढीशी पेन्सिल, आणि दोन वर्षांपूर्वीचे दिवस परत. कुणाला काय कळणार होतं? म्हातारीचं लक्ष नव्हतं म्हणतील.

"वहिनी, सोडा की," भावोजी म्हणाले.

"तुम्ही बोलू नका," धाकटी त्यांना हळूच म्हणाली. "वहिनी ऐकतायत. त्यांच्या कानाला काहीतरी लागलंय."

अठ्ठ्याहत्तर.

मी मान वर केली. ती आकड्याकडे बघतच नव्हती. माझ्या कानाकडे बघत होती, जशी पहिल्या वर्षी बघायची, मशीनला पट्टी लावून मी काय सांगते म्हणून. तिची सगळी मेहनत त्या डब्यात शिजत होती आणि ती माझ्या कानाची वाट बघत होती. एक्क्याऐंशी. मी पेन्सिल उचलली. पंखा कण्हला आणि फिरायला लागला. आकडा वर चढायचा थांबला. पेन्सिल मी टेबलावर ठेवली.

"काय ऐकलंत?" तिनं विचारलं.

"बंद कर," मी म्हटलं. "वायर भिंतीतून काढ. बुंध्याला काहीतरी घासतंय."

हे मात्र खोटं नव्हतं. शिवणारीच्या कानाला दोरा अडकल्याचा आवाज वेगळा कळतो, आणि तो मला सोमवारपासून कळत होता.

डबा गार झाल्यावर मी चिमटा घातला. बुंध्याला फेरे घेऊन बसलेला दोरा निघाला. हातभर, पिळाचा, जांभळा. वरची धूळ झटकली आणि रंग असा लखलखला की लपवायची सोय राहिली नाही. झालरीची शेवटची गाठ मी मारली नव्हती. त्या दिवशी घाई होती, कौतुक ऐकायची.

"धूळ होती नुसती, दादा," धाकटी फोनवर म्हणाली. "वहिनींनी शोधलं. हो, कानानं." दुरुस्तीवाला हसला, म्हणाला, तुमच्या वहिनींना माझ्याकडे पाठवा. भावोजीही हसले. मी कधीची वाट बघत होते ती शाबासकी अशी मिळाली, आणि दोरा माझ्या मुठीत.

भावोजी गेल्यावर मी तिला विचारलं, "धूळ का म्हणालीस? तुला दिसला ना दोरा?"

"दिसला."

"मग?"

ती ब्रशानं धूळ झाडत होती. "मला आवाज मंगळवारीच जाणवला होता, वहिनी. पण तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, वहिनींच्या कानाला लागलं नाही म्हणजे काही नसेल."

मी तीन दिवस कुढत होते की मला कोणी विचारत नाही, आणि ही माझ्या गप्प बसण्यावरही विसंबून बसली होती.

"मला सोमवारीच कळलं होतं," मी म्हटलं. "आणि मघाशी मी काही ऐकत नव्हते."

ब्रश थांबला. तिनं तो खाली ठेवला. मग अजून डाव्या मुठीत असलेली माझी टेप उलगडून तिनं कापायच्या टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. "ऐंशीच्या वर गेलं होतं," म्हणाली. "मी आकडा बघितला होता नंतर."

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत केल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, उरलेली दोन मापं छापून झाली. मी कव्हरच्या दोन्ही बाजू उसवल्या, झालर कापून टाकली आणि उरलेल्या तुकड्याला पक्क्या गाठी मारून नुसती टोपी केली, काम संपल्यावर वरून घालायची. धाकटीनं ती उलटून पालटून बघितली, गाठी एकेक करून ओढून बघितल्या. माझ्या शिलाईची गाठ तपासली. मी शिकवलेल्या हातानं.

"पक्क्या आहेत," ती म्हणाली.

"असणारच," मी म्हटलं.

आता रोज सकाळी डबा चालू करताना ती हाक मारते, "वहिनी, पट्टी." मी जाते, ऐकते, "ठीक आहे" म्हणते. ती मग पडद्यावरचा आकडा बघते आणि तेव्हाच कामाला लागते. आधी माझा कान पुरत होता. गिऱ्हाईक अजून तिलाच विचारतं आणि माझं पोट अजून दुखतं, खोटं कशाला बोलू. पण दुखतं ते आता त्या आकड्यावरून जास्त.