समजली, नाही समजली

लोधीपुऱ्यात समाजाच्या धर्मशाळेच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी परिवार सलाह केंद्र भरायचं. तिथल्या रजिस्टरात शेवटचा रकाना होता, 'समजली'. आता मुलगी समजली म्हणजे काय, हे आमच्या बुऱ्हाणपुरात शेंबडं पोरही सांगेल. माहेरी येऊन बसलेली मुकाट सासरी परत गेली, की ती समजली. नवरा समजला असं लिहायची त्या रजिस्टरात सोयच नव्हती.

अलका त्या केंद्रात दोन वर्षं बसत होती. समुपदेशनाचा एक वर्षाचा पायाभूत कोर्स तिनं घरबसल्या केला होता. नव्या नियमानं ते वर्ष वाया जाणार नव्हतं, इंदूरच्या एका कॉलेजात थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला नाव घालता येत होतं. अट एकच, शंभर तास लोकांचं ऐकून घेतल्याचं केंद्राचं पत्र. तिचे शहाण्णव झाले होते.

"उपदेश द्यायला कॉलेज कशाला लागतं व? मी तर फुकट देते," असं सासू, मालूबाई, म्हणाल्या होत्या. नवरा विनायक म्हणाला, गुरुजींनी पत्र दिलं तर माझी ना नाही. मोठा चलाख! आपली ना गुरुजींच्या खिशात टाकून स्वतः मोकळा झाला.

गुरुजी म्हणजे केंद्राचे अध्यक्ष लीलाधर गुरुजी, विनायकचे सख्खे मामा. माणूस वाईट नव्हता हो. येईल तिला चहा पाजायचे, रडली तर स्वतःचा रुमाल द्यायचे. फक्त त्यांच्या मते मुलगी समजली तरच तास भरायचा. न समजलेलीसोबत दिवसभर बसा, ते तास गेले तापीत. म्हणून तर शहाण्णव भरायला दोन वर्षं लागली. आणि तेवढ्या वेळात आपण किती जणींना समजावून बसमध्ये बसवून दिलं, हे आठवलं की अलकाला घास गिळवत नसे. पुस्तकात लिहिलं होतं, सल्ला देऊ नका, ऐका. इथं ऐकायचं ते सल्ल्याआधी दम घ्यायला.

शनिवारी अर्जाची आखिरी तारीख होती, आणि त्याच आठवड्यात मंगळवारी निंबोल्याची रजनी आली. भिंतीकडच्या लाल खुर्चीवर बसली. ती खुर्ची मुलींची. सासरचे सगळे केळीच्या बागेत गेले की बाहेरून कडी लावून जातात, ती सांगत होती. चोरांची भीती, असं म्हणतात. आत मी, संध्याकाळपर्यंत. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, मग तक्रार काय करू तेच कळत नाही. मंगळवारचे दोन तास झाले, शुक्रवारचे दोन. बरोबर शंभर होत होते.

शेवटी रजनीनं विचारलं, "ताई, माझ्या जागी तुम्ही असत्या तर गेल्या असत्या का?"

पुस्तकात याला उत्तर होतं, प्रश्न हळूच परत करावा. अलकाला ते पाठ होतं.

"नाही," ती म्हणाली.

रजनी उठली आणि आईच्या घरी गेली. अलकानं रकान्यात 'नाही' लिहिलं. गुरुजींनी वाचलं, चष्मा काढून पुसला. दोनच तर अक्षरं आहेत, म्हणाले, खोडून टाक, पत्र आत्ता देतो. अलकाचा हात खरोखर पेनाकडं गेला. खोटं कशाला सांगा, तिला ती पदवी जिवापाड हवी होती. पण तिला रजनीच्या दाराच्या कडीचा आवाज ऐकू आला आणि तिनं हात मागं घेतला.

शनिवार गेला. रविवारी तिनं घरात सांगितलं, की पुढच्या साली अर्ज करीन, तास खंडव्याला जाऊन भरीन, गुरुजींचं पत्र नको. विनायक मामांना फोन लावायला अंगणात गेला, मालूबाई त्याच्या मागोमाग.

मंगळवारी ती केंद्रात पोचली, तर विनायक आणि मालूबाई आधीच येऊन गुरुजींसोबत चहा पीत बसलेले. रिकामी होती फक्त लाल खुर्ची. ती बसली. गुरुजींनी चहा पुढं केला, शेजारी घडी केलेला रुमाल ठेवला आणि रजिस्टर तिच्याकडं सरकवलं.

"बेटा, अक्षर तुझंच चांगलं आहे. तूच लिही."

तिनं लिहिलं. नाव अलका. सासर लोधीपुरा. तक्रार पढाई. मग तासभर तिघांनी तिला समजावलं, आवाज न चढवता, मायेनं. कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. मालूबाईंनी मध्ये उठून दाराला कडी घातली, बाहेरचे ऐकतात म्हणून.

शेवटच्या रकान्यात अलकानं 'नाही' लिहिलं.

गुरुजींनी ते वाचलं. रागावले नाहीत. चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"काही घाई नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी परत बसू."