फळीवरचं होकायंत्र

मित्रांनो, मी एक जुनं पितळी होकायंत्र आहे आणि आज मी फार चिडलो आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतो तो विश्वासरावांचा तळहात. ते बेंगळुरूच्या एका सरकारी कंपनीत मोजणीचे इंजिनिअर होते. विजेच्या तारा न्यायच्या असोत की रस्ता काढायचा असो, आधी आम्ही दोघं रानात जायचो. तीस वर्षं मी पावसात भिजलो, दगडांवर आपटलो. झाकणाला पोचा आला, पण काटा कधी चुकला नाही. "आमचं यंत्र खोटं बोलत नाही," असं ते सगळ्यांना सांगायचे.

ते निवृत्त झाले आणि मी ट्रंकेत गेलो. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, अमितने, मला बाहेर काढलं. हल्ली जुनी होकायंत्रं, कंदील, दुर्बिणी यांचं लोकांना भारी वेड आहे म्हणे! त्याने मला घासूनपुसून लखलखीत केलं आणि बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये फळीवर, कापड लावलेल्या एका डब्याला टेकवून ठेवलं. पाहुणे "वॉव, व्हिंटेज!" म्हणत आणि फोटो काढत. उत्तर कुठे आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

आणि तो डबा म्हणजे स्पीकर होता! त्याच्या पोटातलं लोहचुंबक माझा काटा दिवसरात्र स्वतःकडे ओढून धरायचं. ओरडावंसं वाटे, पण मला तोंड कुठे आहे?

विश्वासराव रविवारी नातीला, ऋचाला, डोंगरावर नेऊन नकाशा वाचायला शिकवणार होते. शुक्रवारी बाल्कनीबाहेर बोट दाखवत ते तिला म्हणाले, "ती पाण्याची टाकी दिसते ना? ती बरोबर उत्तरेला."

अमितने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमचा कंपास तर वेगळंच सांगतोय." खात्रीसाठी त्याने फोनमधला कंपास उघडला आणि तोही माझ्याशेजारीच ठेवला. फोनही माझ्यासारखाच फसला. "बघा, दोन्ही सेम. कन्फर्म झालं."

आठवडाभर आभाळ भरलेलं, सूर्याला विचारायचीही सोय नव्हती. विश्वासराव माझ्याकडे बघत राहिले. "यंत्र खोटं बोलत नाही. माझंच चुकत असेल. वय झालं."

"मग डोंगराचं राहू दे, बाबा. रस्ता चुकलात तर?"

त्यांनी बूट परत माळ्यावर ठेवायला सांगितले. माझ्यावर भरवसा ठेवून ते स्वतःवरचा भरवसा घालवून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी रुसलेल्या ऋचाने मला उचलून बाल्कनीत नेलं आणि माझा काटा गर्रकन फिरला. "आजोबा! हा आता टाकीकडे दाखवतोय!" तिने मला पुन्हा फळीवर नेलं, पुन्हा बाहेर आणलं. विश्वासरावांनी कपाळावर हात मारला. "लोहचुंबक! अगं, मी त्या डब्याला पुस्तकांचा टेकू समजत होतो!"

अमित ओशाळला. "सॉरी, बाबा." मला कोणी सॉरी म्हटलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आवडतात ना? मग नुसत्या घासून मांडू नका. त्या वापरा, आणि कुठे ठेवता ते ज्यांनी त्या वापरल्या त्यांना विचारा.

रविवारी डोंगरावर दाट धुकं होतं. विश्वासरावांनी आधी उत्तरेकडे हात केला आणि मगच ऋचाला माझं झाकण उघडायला सांगितलं. माझा काटा थोडा थरथरला आणि त्यांच्या बोटाच्या रेषेत येऊन थांबला.